चिखलाला कोणता दोरा

व्हाइटफील्डहून परत आले त्या दिवशी सगळ्यांनी मला घेरून विचारलं, "काय काय पाहिलंस?" मी म्हटलं, "छान होतं," आणि कुकर लावायला आत निघून गेले. मला चार माणसांत बोलता येत नाही. बोलायला लागले की पदर बोटाला गुंडाळला जातो आणि वाक्य अर्ध्यात राहतं. पण हे पोटात मावत नाही. भाजी चिरताना हसू येतं, देवापुढे दिवा लावताना येतं. म्हणून भरतकामाच्या नमुन्यांच्या वहीची मागची कोरी पानं घेतली आहेत. चौथीपर्यंत शिकले, पण अक्षर बरं आहे. ज्यांनी व्हाइटफील्ड पाहिलं नाही त्यांनी हे वाचावं असं म्हणायला पाहिजे. पण वही मी तांदळाच्या डब्यामागे ठेवणार आहे.

आधी तिथे गेलेच कशी ते सांगते. आम्ही चिकपेटच्या मागच्या गल्लीत राहतो. आमची माणसं बेंगळुरात किती पिढ्या आहेत ते आमचं आम्हालाही ठाऊक नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी. आमचे हे शिंपीकाम करतात. मी आणि माझी जाऊ शांताक्का दुपारी भरतकाम करतो. पेठेतल्या एका दुकानातून कापडावर छापा मारून येतो, आम्ही तो दोऱ्यांनी भरून देतो. गेली पंधरा वर्षं एक छापा सगळ्यांत जास्त चालतो, इंग्लंडातलं खेडं. गवताच्या छपराचं बुटकं घर, दारावर गुलाबाची कमान, वळणाची पायवाट, दोन्ही बाजूंना उंच उंच फुलं आणि अंगणाच्या मधोमध दगडी तुळशीवृंदावन. छाप्यात वृंदावन रिकामं असतं. मला वाटायचं, छापणाऱ्याच्या हातून राहिलं असेल. म्हणून मी त्यात हिरव्या दोऱ्याने, गाठीच्या टाक्यात, तुळस भरत आले. शांताक्काला मीच शिकवली.

त्या खेड्यात मी मनाने पुष्कळ राहिले आहे. तिथे नळावर भांडण नाही, धूळ नाही, कुणाची सासू आजारी नाही. गुलाब कधी वाळत नाहीत, कारण मी वाळू देत नाही.

हे सगळं भरायचं ते एका अर्धगोल, आत कापूस घातलेल्या वस्तूवर. दुकानदार तिला कोझी म्हणतो. ही थंड देशातल्या बायांची टोपी, असं आमचं आम्हीच ठरवलं होतं. शांताक्का ती डोक्यावर घालून कंबर हलवत स्वयंपाकघरात फिरायची आणि म्हणायची, "पारू, एक कप चाय लाव!"

तर एक दिवस दुकानातून निरोप आला. शहराबाहेरच्या व्हाइटफील्ड गावची एक म्हातारी मिस्सम्मा, म्हणजे अँग्लो-इंडियन बाई, जुनी कोझी घेऊन आली होती. म्हणाली, "हे ज्या बाईच्या हातचं आहे, तीच मला सहा दिवस घरी पाहिजे. माझं घर टेबलक्लॉथवर भरून द्यायचं आहे, समोर बसून."

मी नको म्हणणारच होते. पण हे म्हणाले, "जा की. एकटी म्हातारी आहे, तुला खाणार आहे का?"

"खाईलही," शांताक्का म्हणाली, "ते लोक सगळं खातात."

सोमवार

पिशवीत दोन लुगडी, चटणीपूड, दोऱ्यांच्या लडी. भरतकामाची मोठी लाकडी रिंग पिशवीत बसेना, म्हणून खांद्यात अडकवली. मार्केटहून बस. कंडक्टर रिंगेकडे पाहून म्हणाला, "काय अक्का, एकच चाक? बाकीची गाडी मागून येते का?" सगळी बस हसली. मी मान खाली घातली ती मारतहळ्ळी येईपर्यंत वर केली नाही. नावात 'मराठा' ऐकू आलं म्हणून वाटलं, इथे आपली माणसं असतील. पाहिलं तर नाचणीची शेतं आणि एक म्हैस.

व्हाइटफील्डच्या थांब्यावर उतरले. तांबडा रस्ता, दोन्हीकडे मोठी झाडं, गाव इतकं गप्प की माझ्याच चपलांचा आवाज मला मोठा वाटला. पत्ता विचारायला माणूस नव्हता, आणि विचारायची गरजही पडली नाही. वळणावर माझं घर उभं होतं.

खोटं नाही. छप्पर गवताचं नव्हतं, कौलांचं होतं, पडवीला टोकदार लाकडी जाळी होती. पण बाकी सगळं माझं. गुलाबाची कमान, वळणाची पायवाट, उंच फुलं. आणि मधोमध दगडी वृंदावन, त्यात हिरवंगार रोप! मला भरून आलं. ख्रिश्चनाच्या दारात तुळस! मी चपला काढल्या, पुढे झाले, वाकून नमस्कार केला आणि एक पान तोडून कानामागे खोचलं.

पुदिना होता.

"काय करतेस तू?" पडवीतून आवाज आला. उंच, हाडकुळी, फुलाफुलांचा झगा, पायात पुरुषी बूट. ह्याच मिस आयव्ही. त्यांचे वडील रेल्वेत इंजिन चालवत. त्या इथेच जन्मल्या, शाळेत मुलींना शिवण शिकवून निवृत्त झाल्या, लग्न केलं नाही. आमचं बोलणं अर्धं कानडीत, अर्धं बेंगळुरी हिंदीत चालायचं. इथे मी आपल्या भाषेत लिहिते.

त्या पायऱ्या उतरून आल्या आणि पुदिन्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पाहिलंस? तुझ्या कोझीवर आहे अगदी तसं केलंय. माझ्याकडे इंग्लंडचं खेडं असलेला बिस्किटांचा जुना डबा आहे. त्याच्यावर हे भांडं रिकामं आहे. पक्ष्यांनी आंघोळ करायचं भांडं ना हे! त्यात झाड लावायची रीत मला तुझ्यामुळे कळली. तू इंग्लंडात कुठल्या गावी होतीस?"

पक्ष्यांची आंघोळ! मी मान हलवली. आपल्याकडे मान अशी हलते की समोरच्याने तिचा हवा तो अर्थ घ्यावा. मिस आयव्हींनी घेतला. "मोठं गाव नसणारच," असं म्हणून त्या मला आत घेऊन गेल्या.

आत चिन्नम्मा होती, त्यांची स्वयंपाकीण, तीस वर्षांची जुनी. तिने चहाची किटली आणली, आणि किटलीच्या डोक्यावर काय? माझी टोपी! चहा गार होऊ नये म्हणून घातलेली. मला शांताक्का ती घालून फिरताना दिसली. हसू दाबायला गेले तर चहा नाकातून आला. पहिल्या भेटीत, परक्या घरात, पांढऱ्या टेबलावर. चिन्नम्मा पाठीवर थापट्या मारायला लागली, मिस आयव्ही म्हणाल्या, "हवा बदलली की होतं असं."

संध्याकाळी त्यांनी मला का बोलावलं ते सांगितलं. भाऊ फार वर्षांपूर्वी इंग्लंडला गेला आणि तिथेच वारला. त्याची मुलगी मार्जोरी तिथल्या एका खेड्यात राहते. ती बोलावते आहे, कायमचं. मिस आयव्हींनी दोनदा हो म्हटलं आणि दोनदा तिकीट रद्द केलं. आता शनिवारी तिकिटाचा माणूस शेवटचं विचारायला येणार होता. गेल्या तर टेबलक्लॉथ मार्जोरीला भेट. नाही गेल्या तर...

"नाही गेल्या तर जेवणाच्या टेबलावर," चिन्नम्मा म्हणाली. "आणि माझं मुलाकडे जाणं वाचेल."

मंगळवार

त्यांच्या रीती सांगते. चपला घालून घरभर फिरतात, अंथरुणापर्यंत. कुत्रा खुर्चीवर झोपतो, आणि त्याला उठवायचं झालं तर "प्लीज" म्हणतात. मला कुणी आजवर म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा मी मागे वळून कुत्रा कुठे आहे ते पाहिलं. जेवायला नारळाच्या दुधातला पिवळा भात आणि खिम्याचे गोळे घातलेली आमटी. आमच्यात मटण चालतं, पण परक्यांसमोर मला खाता येत नाही. मी भात आणि त्यांचं मिरीचं पाणी घेतलं. ते म्हणजे आपलं सारच, फक्त बशीतून चमच्याने प्यायचं. चिन्नम्माने हे ओळखलं आणि दोन गोळे वाटीत झाकून माझ्या खोलीत ठेवले. मी कडी लावून खाल्ले. अप्रतिम.

मी पडवीत रिंग घेऊन बसले की मिस आयव्ही मोठ्याने वाचायच्या. मार्जोरीने एक पुस्तक पाठवलं होतं. आत चिठ्ठी होती: यायच्या आधी हे वाच, ही गोष्ट आमच्याच भागातली आहे. त्या इंग्रजीत एक पान वाचायच्या आणि मग चष्मा कपाळावर चढवून आम्हाला सांगायच्या. चिन्नम्मा शेंगा सोलत ऐकायची.

गोष्ट एका शेतमजुराच्या घराची. नवरा, बायको, चार मुलं आणि मागच्या खोलीत एक म्हातारी मावशी. घर कसलं? तर गवताच्या छपराचं, गुलाबाच्या कमानीचं. मी खूश झाले. ही माझी माणसं!

पण छप्पर गळत होतं. गवतात उंदीर. विहीर एकच, तिच्यावर भांडणं. पायवाट म्हणजे घोट्याएवढा चिखल, त्यात लहान मुलीचा एक बूट रुतून बसला आणि ती घरी एका पायाने उड्या मारत आली. उकडलेले बटाटे मोजून वाढायचे, पाचवा मागणाऱ्याला आईची नजर.

"थांबा," चिन्नम्मा म्हणाली. "गोरे लोक?"

"गोरे लोक."

"आणि उपाशी?"

"उपाशी."

चिन्नम्माने शेंगेचं टरफल खाली टाकलं. "इथून नेलं ते लोणी कुठे गेलं मग सगळं?"

बुधवार

त्या दिवशी मालकिणीचं प्रकरण आलं. शेताच्या मालकिणीने ते गुलाब लावले होते. कशाला? तिची बग्गी रस्त्याने जाते तेव्हा पाहुण्यांना गाव छान दिसावं म्हणून. आणि तिचा हुकूम होता की घराच्या पुढच्या बाजूला धुणं वाळत घालायचं नाही. चित्र बिघडतं. मागे सावली, ओल. चार मुलांचे कपडे कधी वाळतच नाहीत. ती ओले घालून झोपतात, धाकटी खोकते.

माझी सुई थांबली. पंधरा वर्षं मी त्या घरापुढे एकदाही धुणं भरलं नव्हतं. आणि मला कधी प्रश्नही पडला नाही, की या बायका कपडे वाळवतात कुठे? आमच्या गल्लीत दोरीवर जागा मिळावी म्हणून मी पहाटे पाचला उठते!

"त्या बाईला एकदा माझ्यासमोर आणा," चिन्नम्मा म्हणाली. तिचा राग खरा होता. कुत्रासुद्धा उठून आत गेला. मला मात्र राग येतायेता हसू आलं. माझ्या कोझीतल्या घरातून आता मला खोकला ऐकू यायला लागला होता, आणि ते घर मला पहिल्यापेक्षा जास्त आवडायला लागलं होतं.

मिस आयव्ही हसल्या नाहीत. पुस्तक मिटून त्या पुदिन्याला पाणी घालायला गेल्या. रोज तांब्याभर, हळूहळू, एखादी पूजा करावी तसं. आणि रोज मला वाटायचं, ही रीत माझ्या चुकीतून आली. सांगू का? उद्या सांगू.

गुरुवार

त्या दिवशी मावशीचं पान होतं. त्या म्हातारीला सगळे मागच्या खोलीत ठेवतात. ताट दाराशी सरकवतात. पाहुणे आले की तिने खोकायचंही नाही. हिवाळ्यात तिथे चारलाच अंधार पडतो आणि तिला दिवा देत नाहीत, कारण तिला कुठे काय पाहायचं असतं?

मिस आयव्हींनी पान उलटलं नाही. चष्मा उतरवला. दुपारी जेवल्या नाहीत. चिन्नम्मा माझ्या कानाला लागली, "रद्द. तिसऱ्यांदा. मी माझी बांधलेली पेटी सोडते."

चारला मिस आयव्ही बिस्किटांचा डबा घेऊन आल्या आणि माझ्या शेजारी खालीच बसल्या, झग्यासकट. झाकणावरचं गाव पुसून पुसून फिकट झालं होतं.

"पार्वती, मी सत्तरी ओलांडली आणि हे झाकण सोडून मी इंग्लंड कधी पाहिलेलं नाही. सगळ्यांना सांगत आले, आमचं मूळ गाव असं, आमच्याकडे तसं. मला काही म्हणता काही माहीत नाही. तू तरी पाहिलंयस. खरं सांग, तिथे असं असतं का?"

माझा पदर बोटाला गुंडाळला गेला. पण त्या खाली बसल्या होत्या ना, माझ्याएवढ्या झाल्या होत्या. मी म्हटलं, "मिस्सम्मा, मी होसूरच्या पुढे गेलेली नाही."

"मग ते झाड?"

"ती तुळस आहे. आमच्या घरी दारात असते. ते भांडं मला वृंदावन वाटलं. मी पंधरा वर्षं सगळ्या इंग्लंडात तुळस लावली. आणि सोमवारी मी तुमच्या पुदिन्याला नमस्कार केला."

त्यांनी वळून पुदिन्याकडे पाहिलं. मग त्यांच्या गळ्यातून प्रेशर कुकरची शिट्टी सुटावी तसा आवाज आला. त्या हसत होत्या! "मी चर्चमधल्या सगळ्यांना सांगितलं," त्या म्हणाल्या, "ही जुनी इंग्लिश रीत आहे! तिघींनी लावला पुदिना!" मग मी त्यांना टोपीचंही सांगून टाकलं. त्यांनी ताबडतोब किटलीवरची कोझी काढून डोक्यावर घातली. आम्ही दोघी भिंतीला टेकून हसलो, इतक्या की बरगड्या दुखल्या. चिन्नम्मा दारात येऊन म्हणाली, "एक वेडी होती, आता दोन झाल्या. जेवणार का?"

जेवल्या. दोन वेळचं एकदम.

शुक्रवार

पुस्तक पुरं करायचं नाही असं मिस आयव्ही म्हणत होत्या. चिन्नम्मा ऐकेना. "त्या म्हातारीचं काय झालं ते कळल्याशिवाय मी तवा ठेवणार नाही. तुम्ही काय ते पावावर राहा."

तर झालं असं. बापाचा पाय मोडला, कामाला माणूस उपयोगाचा नाही, म्हणून मालकिणीने घर खाली करायला सांगितलं. गाडीत सामान भरलं जात होतं. तेवढ्यात मागच्या खोलीतून मावशी बाहेर आली. आली ती टोपली घेऊन. घरातले सगळे ओले कपडे, लंगोट, फाटक्या चादरी, बापाच्या लांब विजारी, तिने पुढच्या दारावरच्या गुलाबाच्या कमानीवर एकेक करून वाळत घातले. आणि रस्त्याने पाहुण्यांची बग्गी आली. मावशी कमानीखाली खुर्ची टाकून बसली होती. ऊन पडलं होतं. गोष्ट संपली.

चिन्नम्मा उभीच राहिली. "शाबास!" ती पुस्तकाला म्हणाली. मी टाळ्या वाजवल्या, मी! रिंग मांडीवरून घरंगळत बागेत गेली.

मिस आयव्हींनी दोनदा शेवटचं पान वाचलं. मग म्हणाल्या, "मला आजवर भीती कशाची वाटत होती ते आत्ता कळलं. या झाकणावर मला बसायला जागाच दिसत नव्हती. सगळीकडे फुलं. माझी दाढ, माझा दमा, माझे बूट ठेवू कुठे? या पुस्तकातल्या गावात चिखल आहे, भांडण आहे, एक नंबरची दुष्ट बाई आहे. असल्या गावात माणूस राहू शकतो. मी इथे राहिलेच की."

"आणि मागच्या खोलीत टाकलं तर?" चिन्नम्माने विचारलं. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"मार्जोरीने हे पुस्तक लपवलं नाही, मला पाठवलं. ती टाकणार नाही. आणि टाकलंच, तर माझ्याकडेही धुणं आहे." मग माझ्याकडे वळून, "पार्वती, टेबलक्लॉथ बदल. पायवाटेवर चिखल पाहिजे. कमानीवर धुणं पाहिजे. तुळस राहू दे."

चिखलाला कोणता दोरा? माझ्याकडे चॉकलेटी होता, तो मिठाईसारखा दिसला. काळा लावला तर डांबर. चिन्नम्मा माझी पांढरी लड घेऊन गेली आणि किटलीतल्या उरलेल्या चहात बुडवून ठेवली. स्वल्प वेळाने काढून पिळली, उन्हात टाकली. कुठे गडद, कुठे फिकट, असा अस्सल चिखल मी जन्मात पाहिला नाही. उलट्या टिपेत भरला. त्यात मुलीचा एक बूटही रुतवला.

शनिवार

तिकिटाचा माणूस अकराला आला. मिस आयव्ही म्हणाल्या, "हो." तो कागद पुढे करून म्हणाला, "मॅडम, यावेळी नक्की ना?" चिन्नम्मानेच आतून उत्तर दिलं, "सरी सरी, नक्की! लिहून घे आणि जा!" आणि भांडी इतकी आपटली की कुत्रा तिच्या पायाशी जाऊन बसला. कुत्रा आता तिच्याबरोबर मुलाकडे जाणार होता.

टेबलक्लॉथची शेवटची गाठ मी दुपारी मारली. निघताना मिस आयव्हींनी माझा हात हातात घेतला, दोन्ही हातांनी, आणि म्हणाल्या, "प्लीज, तुझ्या त्या झाडाचं बी पाठव." मी यावेळी मागे वळून पाहिलं नाही.

घरच्या तुळशीच्या मंजिऱ्या चुरून मी कागदात बांधल्या. ह्यांनी व्हाइटफील्डला जाऊन दिल्या.

त्यानंतर मी कोझीवर धुणं भरायला लागले. बारीक दोरी, तीन कपडे. दुकानदार म्हणाला, "अक्का, हे काय? सुंदर घरापुढे चड्ड्या?" मी बोलत नाही हे त्याला माहीत आहे. मी म्हटलं, "घरात माणसं राहतात, अण्णा." तो कोझ्या मोजायला लागला. शांताक्काच्या हातातली पिशवी पडली.

काल इंग्लंडहून पत्र आलं. शांताक्काच्या मुलीने वाचून दाखवलं. मिस आयव्ही लिहितात की चिखल पुस्तकात आहे त्याहून जास्त आहे. मार्जोरी बटाटे मोजत नाही. खोली पुढची आहे, पण दमा सोबत आला. गावात कुणी आपणहून बोलत नाही. तुळशीला दोन पानं फुटली आणि थंडीने गेली, म्हणून अंगणातल्या पक्ष्यांच्या भांड्यात पुन्हा पुदिनाच लावला. रोज तांब्याभर पाणी घालतात. शेजारची बाई तीन आठवडे पडद्याआडून पाहत होती. शेवटी कुंपणाशी येऊन तिने विचारलं, हे काय आहे?

मिस आयव्हींनी सांगितलं, ही इथल्या खेड्यांची फार जुनी रीत आहे, तुम्ही लोक विसरलात.

आता शेजारणीनेही लावला आहे म्हणे.